चौथ्या सेटला कळतं

कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा जिमखाना माझ्याकडे आहे. कागदावर मी शारीरिक शिक्षण संचालक. प्रत्यक्षात क्रिकेटच्या किटला कुलूप लावण्यापासून इंटरझोनल स्पर्धांना जाणाऱ्या पोरांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांपर्यंत सगळं मीच बघते. त्यात अलीकडे आणखी एका कामाची भर पडलीय. पोरांशी झोपेवरून वाद घालणे.

वादाची सुरुवात बहुतेक वेळा एकच. "मॅडम, रात्री तीनला झोपलो, सातला उठलो. तरी बघा की, पन्नास!" आणि डायनामोमीटर माझ्या नाकासमोर.

हे हाताची पकड मोजायचं यंत्र. पोरं त्याला 'आवळायचं मशीन' म्हणतात. एक धातूची मूठ, वर गोल तबकडी, तबकडीत दोन काटे. मूठ आवळली की दोन्ही काटे सरकतात. सोडली की एक शून्यावर परत येतो आणि लाल काटा जिथवर पोचला तिथंच थांबतो. मोजायची रीत ठरलेली आहे. खुर्चीवर ताठ बसायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वर. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचं नाही, मांडीवर तर नाहीच नाही. तीनदा आवळायचं, मध्ये थोडी विश्रांती. आवळताना प्रत्येकाचं तोंड वेगळं होतं. कुणी जीभ दातांत धरतो, कुणी श्वास कोंडून लाल होतो, कुणाचा दुसरा हातही आपोआप मुठीत वळतो. दोन-तीन सेकंदांत नखं पांढरी पडतात. भोवती मित्र "आवळ, आवळ, अजून" करत उभे असतातच.

यंत्र साधं असलं तरी त्यावरच्या आकड्याला किंमत आहे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास छापून आला. भारतही त्यात होता. पकड ५ किलोनं कमी असेल तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असा संबंध त्यात दिसला. विशीतल्या पोराला मरणाची भीती घालून काही होत नाही, त्यामुळे हे मी त्यांना ऐकवत नाही. पण पकडीवरून अंगातल्या एकूण ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज येतो, एवढं धरून चालायला हरकत नाही.

तर रात्री तीनला झोपलेल्या पोराचे पन्नास किलो. तो खोटं बोलत नसतो, हीच तर अडचण आहे. एका रात्रीची झोप कमी झाली म्हणून एकदाच, जीव खाऊन लावायचा जोर फारसा घटत नाही. राइली आणि पियर्सी या दोघांनी १९९४ साली आठ तरुणांवर केलेला एक जुना प्रयोग आहे. सलग तीन रात्री फक्त तीन-तीन तास झोप, आणि दिवसा वजनं उचलायची: बायसेप कर्ल, बेंच प्रेस, लेग प्रेस, डेडलिफ्ट. कर्लमध्ये जास्तीत जास्त किती उचलतो तो आकडा जवळपास तसाच राहिला. बेंच, लेग प्रेस, डेडलिफ्टचा घसरला. पण त्याहून कमी वजन, म्हणजे रोजच्या व्यायामात आपण खरोखर वापरतो तेवढं वजन, उचलताना चारही प्रकारांत पोरं ढेपाळली. तेच वजन त्यांना जड वाटायला लागलं.

याचा अर्थ माझ्या जिमखान्यात रोज दिसतो. पहिला सेट, म्हणजे वजन सलग उचलायची पहिली फेरी, ठणठणीत. दुसराही. तिसऱ्याला मोबाइल बाहेर येतो आणि विश्रांती लांबते. चौथा सेट होतच नाही. "आज मूड नाही मॅडम." वहीत कुणी 'झोप झाली नव्हती' असं लिहीत नाही, 'चेस्ट डे झाला', म्हणजे छातीचा व्यायाम झाला, असंच लिहितात. आठवड्यात असे तीन-चार सेट बुडाले, महिन्यात पंधरा. मग सेमिस्टर संपताना पोरगं विचारतं, "डाएट चुकतंय का काहीतरी?" आणि प्रोटीनच्या डब्याचा ब्रँड बदलतं.

सेट बुडतात ते बुडतातच. शिवाय जे झाले त्यांचाही मोबदला पूर्ण मिळत नाही. व्यायामानं स्नायूला फक्त निरोप जातो. बांधकाम नंतर होतं, आणि त्याची मोठी पाळी रात्रीची असते. ग्रोथ हॉर्मोनचा दिवसातला सगळ्यात मोठा लोंढा झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत, गाढ झोपेत सुटतो. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १३ तरुण-तरुणींना एक रात्र पूर्ण जागवलं आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. नवीन प्रथिनं बांधायचा वेग १८ टक्क्यांनी कमी. रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, २१ टक्क्यांनी जास्त, आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हॉर्मोन, २४ टक्क्यांनी कमी. एकाच रात्रीत. शिकागोत २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. पाच तास! आमच्या हॉस्टेलमध्ये पाच तास झोपणाऱ्याला लोक 'झोपाळू' म्हणतील.

तेरा माणसं, दहा माणसं, हे छोटे प्रयोग आहेत, मला मान्य. ताकद आठवडा-महिन्यांत किती घटते ते यातून थेट कळत नाही. पण सगळ्यांचं बोट एकाच दिशेला आहे. टेस्टोस्टेरॉनचा मुद्दा काढला की मात्र मुलं एकदम सावरून बसतात. झोपेवर तासभर बोलून जे होत नाही ते त्या एका शब्दानं होतं, म्हणून मी तो निर्लज्जपणे वापरते.

आता भरतीवाल्यांकडे येते, कारण सगळ्यात जास्त जीव त्यांच्यासाठी तुटतो. कॉलेजात नाव, पण डोळा पोलीस भरतीवर. मुलांना मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. लेखी १०० गुणांची. गोळा ७.२६० किलोचा. ही पोरं अभ्यासिकेत रात्री साडेबारा-एकपर्यंत बसतात, आणि पहाटे पाचला मैदानावर हजर. घरचे कौतुकानं सांगतात, "पाचला उठतोय आमचा." कितीला झोपतो ते कुणी विचारत नाही. लवकर निजे, लवकर उठे हे आपण लहानपणी घोकलं, पण त्यातलं 'लवकर उठे' तेवढं समाजानं उचललं आणि 'लवकर निजे' पुस्तकातच राहिलं.

त्यातला एक पोरगा, पेठवडगावकडचा. खांद्यानं रुंद, शेतात राबलेला, पकड बघून मीच चकित झाले होते. पण गोळा काही पुढं सरकेना. रोज पहाटे धावणं, मग गोळा, मग कॉलेज, संध्याकाळी एका दुकानात काम, मग अभ्यासिका. त्याला मी म्हटलं, "तू व्यायाम कमी कर." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याची फी बुडवलीय. शेवटी तडजोड झाली. आठवड्यातले तीन दिवस पहाटेचं धावणं बंद, त्या दिवशी सातपर्यंत झोपायचं. त्या दिवसांचं धावणं कॉलेज सुटल्यावर, दुकानाच्या आधी. दुपारी तासिका नसेल तेव्हा जिमखान्याच्या मॅटवर वीस मिनिटं आडवं व्हायचं, मोबाइल माझ्या कपाटात.

गोळा पुढं गेला. पण त्याचं श्रेय मी झोपेला देणार नाही, कारण त्याच काळात त्याचं पायांचं तंत्रही आम्ही दुरुस्त केलं होतं. तो जोर नुसत्या हातानं लावत होता. झोपेचा फरक मला दिसला तो दुसरीकडे. सरावाच्या शेवटच्या फेकी पहिल्या फेकींच्या आसपास पडायला लागल्या. आधी त्या पार अलीकडे पडायच्या. आणि गडी पुन्हा विनोद करायला लागला.

झोपेबद्दल बोलताना लोक लगेच मोबाइलवर घसरतात. मोबाइल आहेच, नाही कशाला म्हणू? पण हॉस्टेलची एक खोली नीट बघा. चार कॉट, एक ट्यूबलाइट, तिचं बटण दाराजवळ. एकाचं सबमिशन, एकाचं घरी किंवा दुसरीकडे कुठंतरी हळू आवाजात फोनवर बोलणं, एकाची मॅच, आणि चौथा डोक्यावर पांघरूण घेऊन झोपायचा प्रयत्न करणारा. खोली कधी झोपणार हे त्यातला सगळ्यात उशिरा झोपणारा ठरवतो. सकाळी आठला प्रॅक्टिकल, नाष्ट्याचं ताट नऊनंतर बंद. अशा ठिकाणी 'झोपेची शिस्त पाळा' असा फलक लावणं मला थोडं उद्धटपणाचं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका खोलीनं आपसात ठरवून अकराला ट्यूब बंद आणि ज्याला वाचायचं त्यानं क्लिपचा छोटा दिवा लावायचा, असं केलंय. साठ-सत्तर रुपयांचा दिवा आणि थोडी भांडणं, एवढ्यात काम झालं.

जिमचीही तीच गत. आजूबाजूच्या जिम रात्री अकरापर्यंत चालू असतात, आणि पोरं नऊला जाताना प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा, एक स्कूप मारतात. त्यातल्या बऱ्याच पावडरींच्या एका स्कूपात दीडशे-दोनशे, काहींत तीनशे मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असतं. पाच-एक तासांनी त्यातलं निम्मंच कमी होतं. म्हणजे नऊचा स्कूप, आणि रात्री दोनला निम्मा अजून अंगात फिरतोय. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाहून जास्त घटली होती. ज्या ताकदीसाठी स्कूप घेतला, तीच रात्री गळते. संध्याकाळच्या व्यायामानं झोप उडते हा मात्र जुना समज फारसा खरा नाही. झोपण्याआधीच्या तासाभरात दमछाक करणारं काही केलं तर त्रास होऊ शकतो. सहा-सातला व्यायाम केलेल्याला उलट चांगली झोप लागते. मी पोरांना म्हणते, पावडरीऐवजी साडेपाचचा चहा घ्या आणि सहाला या. चहा कटिंग. त्यावर वाद नको.

माझा मामा तालमीतला. त्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले, त्यामुळे मला हे सगळं नवीन वाटत नाही. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, मग आखाड्यात लढती, मग खुराक, आणि जेवण झालं की दुपारी झोप. झोपायचंच, वस्ताद फेरी मारायचे. संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि रात्री नऊला दिवा बंद. पहाटे चारचं उठणं त्या रात्रीच्या नऊवर आणि दुपारच्या झोपेवर उभं होतं. आजच्या पोरांनी तालमीतनं चारचा गजर घेतला, बदाम घेतले, गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा फोटो घेतला, आणि झोप तिथंच ठेवून आले. तालमीचं मी उगाच उदात्तीकरण करणार नाही. मामाचा खांदा पस्तिशीत गेला, शिक्षण दहावीत सुटलं. पण कोल्हापुरात तालीम आणि कॉलेज ही दोन जगं कायम वेगळी होती असंही नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. प्राचार्य केबिनमध्ये असतील तर जरा मोठ्यानं.

आत्तापर्यंत 'पोरं' म्हणजे मुलगेच आले, हे माझ्याही लक्षात आहे. मुलींचं गणित वेगळं आहे. चीनमध्ये दहा हजारांहून जास्त विद्यापीठ विद्यार्थ्यांची पकड आणि झोप तपासलेला एक अभ्यास २०१७ साली आला. मुलग्यांमध्ये सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांची पकड सात-आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा कमी निघाली, आणि व्यायाम, सिगारेट, दारू यांचा हिशोब वजा केल्यावरही तो फरक राहिला. मुलींमध्ये किती तास झोप आणि किती पकड याचा संबंध दिसला नाही. झोप चांगली लागते का, याचा थोडा दिसला होता, तोही व्यायाम वगैरे हिशोबात धरल्यावर पुसला गेला. अर्थात एकाच वेळी मोजलेल्या अशा अभ्यासातून कशामुळे काय झालं ते ठरत नाही. झोप कमी म्हणून ताकद कमी, की काळजीनं दोन्ही कमी, हे यंत्र सांगत नाही.

तरी माझ्या मुली बघून मला तो निकाल पटतो. ज्या पोरीनं वीस वर्षांत पाण्याच्या कळशीपलीकडे मुद्दाम कधी वजन उचललेलं नाही, तिला 'आधी झोप सुधार' म्हणण्यात काय अर्थ? ताकद वाढवायची म्हणून आजवर कुणी तिला काही करूच दिलेलं नाही. तिला आधी डंबेल हवा, आणि मैदानात मुलगे टक लावून बघणार नाहीत असा तास हवा. आमच्याकडे साडेचार ते साडेपाच फक्त मुलींसाठी ठेवल्यावर ज्या आल्या, त्यांची पकड भराभर वाढली. नवख्या स्नायूला निमित्तच पुरतं. शिवाय रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. "मॅडम, आठ तास झोपूनही दमल्यासारखं वाटतं," असं एखादी म्हणाली की मी झोपेवर भाषण देत नाही, हिमोग्लोबिन तपासून ये म्हणते. बऱ्याचदा उत्तर तिथंच सापडतं.

राहिली परीक्षा. परीक्षेच्या महिन्यात सगळे व्यायाम आणि अभ्यास दोन्ही सांभाळायला झोप कापतात, कारण 'गॅप पडला तर सगळं जाईल' ही भीती. जात नाही हो. अमेरिकेत अलाबामामध्ये काही लोकांकडून सोळा आठवडे, आठवड्याला तीन दिवस मांडीचा व्यायाम करून घेतला. मग पुढचे ३२ आठवडे काहींना आठवड्यातून एकच दिवस, तोही एक तृतीयांश सेट, म्हणजे आधीच्या नवव्या हिश्श्याइतका व्यायाम दिला. वजन मात्र तेवढंच जड. तरुणांनी कमावलेली ताकद आणि स्नायू तेवढ्यावरही टिकून राहिले. २०११चा अभ्यास. मला हा निकाल इतका आवडतो की मी तो जिमखान्याच्या दारावर मराठीत लिहून लावलाय. ताकद यायला वेळ घेते आणि जायलाही घेते. परीक्षेत आठवड्यातून एकदा या, नेहमीच्याच वजनाचे मोजके सेट मारा, अर्ध्या तासात बाहेर पडा, आणि उरलेला वेळ अभ्यासाला आणि झोपेला द्या. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात, त्यात परीक्षेची सवलत नाही.

यावरही एका तृतीय वर्षाच्या कॉम्प्युटरवाल्यानं मला सुनावलं, "मॅडम, सात तास झोपलो तर जगायचं कधी?" त्याचं बरोबरच आहे एका अर्थी. दिवसभर कुणीतरी ठरवलेलं वेळापत्रक, रात्री अकरा ते दोन एवढाच काळ त्याचा स्वतःचा. मी त्याला अजून धड उत्तर देऊ शकलेले नाही. प्रॅक्टिकल आठऐवजी नऊला घ्या, असा अर्ज मात्र मी विभागप्रमुखांकडे दिलाय. मागच्या आठवड्यात "बघू" म्हणाले.

या सेमिस्टरची पकड चाचणी दर गुरुवारी दुपारी चारला आहे. सकाळी नाही, दुपारनंतर माणसाचा जोर तसाही थोडा जास्त भरतो, त्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी यायचं, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. या वेळी एकदा आवळून सुटका नाही. पुलअपच्या बारला जमेल तितकं लोंबकळायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा लोंबकळायचं, असं चार वेळा. मी चौथ्या वेळचे सेकंद लिहिणार. शेजारच्या रकान्यात आदल्या तीन रात्रींची झोप. खोटे तास लिहिले तरी चालतील, चौथा आकडा समोर असेलच. नखं कापून या, आणि हाताला तेल लावून येणाऱ्याला परत पाठवलं जाईल.